भाऊसिंगजी रोडवरचा चहा

‘कोल्हापूरच्या खाण्यापिण्यावर काहीतरी हलकंफुलकं लिही’ असं स्मरणिकेच्या संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मेळाव्याच्या सकाळी नाष्ट्याला मिसळ कुठली, यावरून आपल्या १९९५ च्या बॅचमध्ये चार दिवस जुंपली होती ती तुम्हाला आठवत असेल. उद्यमनगरवाले फडतऱ्यांच्या नावावर अडून बसले होते. महाद्वार रोडच्या मंडळींनी चोरगे सोडून दुसरं नाव ऐकून घेतलं नाही. कसबा बावड्याच्या दोघांनी तर बावडा मिसळ नसेल तर आम्ही येतच नाही, अशी धमकी दिली. पन्नाशीकडं झुकलेली, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, कुणी शेतात राबणारी माणसं मिसळीवरून अशी भांडताना बघून मला बरं वाटलं. म्हटलं, यावरच लिहू.

लिहायला म्हणून वाचत गेले, आणि हलकंफुलकं राहिलं बाजूला. त्याबद्दल आधीच माफी मागते.

मिसळीच्या दुकानातली बसायची पद्धत आठवा. चारजणांचं बाकडं असतं, त्यावर दोन माणसं आधीच खात असतात. आपण जाऊन ‘जरा सरका’ म्हणतो, ते सरकतात. समोरचा अनोळखी माणूस शेवटचा ब्रेड कटात बुडवत असतो. त्याचं लिंबू उरलं असेल तर आपण मागून घेतो. पोऱ्या ‘दोन मिसळ, एक ब्रेड जादा’ असं ओरडतो, कटाचं भांडं घेऊन फिरणारा न विचारता ताटलीत ओततो. त्या बाकड्यावर फौंड्रीतला कामगार असतो, वकील असतो, तालमीतून आलेला पोरगा असतो. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. आपल्याला हे इतकं सवयीचं आहे, की ते कुणीतरी कधीतरी सुरू केलं असेल असं मनातही येत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसं नव्हतं. घराबाहेर खाणं ही नाइलाजाची गोष्ट होती, आणि कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या शेजारी बसून खायचं, याचे नियम कडक होते. चहा तर त्यात नवखा. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी गेली होती. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसतं कपाला हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावभर गहजब झाला. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहासाठी! रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ वेगवेगळे मिळत, पाण्याचंही तसंच. प्रवाशाला गाडी एकच चालायची, चहा एक चालायचा नाही.

कोल्हापुरात घराबाहेर खाणाऱ्यांची गर्दी याच सुमारास वाढू लागली. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली गेली, तिथं गुळाचा बाजार भरू लागला. गूळ घेऊन आलेला शेतकरी सौदा होईपर्यंत मुक्कामाला राहणार, त्याला दोन वेळचं लागणार. १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकायला आलेली खेड्यापाड्यातली पोरं. या सगळ्यांना एक गोष्ट समान होती. घरची चूल मागं राहिली होती.

पोरांसाठी शाहू महाराजांनी काय केलं ते आपल्याला शाळेत घोकून घेतलं होतं. १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षीचं जैन बोर्डिंग, १९०६ चं मुसलमान विद्यार्थ्यांचं, १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव अशी पुढची नावं परीक्षेत पाठ करताना आपण गाणं करून म्हणायचो. यातली काही दसरा चौकाच्या भोवतीच आहेत. त्या चौकातून मी शाळेला हजार वेळा गेले असेन. पण प्रत्येक बोर्डिंगमध्ये स्वयंपाकघर वेगळं होतं, म्हणजे एका चौकाभोवती एवढ्या चुली वेगवेगळ्या पेटत होत्या, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्याआधी, १८९६ च्या सुमाराला, सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. ते चाललं नाही. बाकीच्या मुलांना तिथं थारा मिळेना आणि ते एकाच जातीचं होऊन बसलं. मग महाराजांनी वेगवेगळी बोर्डिंगं काढायचा रस्ता धरला. काही लोक आज त्याला नावं ठेवतात, जातवार वसतिगृहं काढून जात पक्की केली म्हणतात. मला ते पटत नाही. त्या वेळी पोरगं उपाशी राहून गावी परत जाण्यापेक्षा आपल्या जातीच्या पंगतीत जेवून शिकलेलं बरं, एवढा व्यवहार त्यात होता. आमच्या कामात असं वरचेवर होतं. सगळी यंत्रणा एकदम बदलता येत नाही. जुनी चालू ठेवून शेजारी नवी उभी करतात आणि वापरणारे हळूहळू नव्याकडं वळतात. बोर्डिंगांनी पोरांना शहरात आणलं, शिकवलं. एका बाकड्यावर बसवायचं काम मात्र बोर्डिंगांकडून होण्यासारखं नव्हतं.

ते कुठं झालं, हे आपल्याला पहिल्यांदा आठवीत सरांनी सांगितलं. पुस्तकात तो धडा नव्हता. पावसामुळं वर्गात निम्मीच मुलं होती, आणि सर खुर्ची उलटी फिरवून बसले होते.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. महाराज परगावी गेले असताना त्यांनी मराठा नोकरांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला आणि त्यासाठी त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर गाऱ्हाणं त्यांच्यापुढं गेलं. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. इथवर ही न्यायी राजाची गोष्ट झाली, अशा गोष्टी सगळीकडं सांगतात. पुढचं वेगळं आहे. महाराजांनी गंगारामांना दुसऱ्या खात्यात बदली दिली नाही, की गप्प बसायला पैसे दिले नाहीत. नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला लावला, त्याला मदत केली. धंदा कुठला, तर चहाचं हॉटेल. आणि तेही गावाबाहेर किंवा वस्तीत नाही, भाऊसिंगजी रोडवर, ऐन वर्दळीत. नाव ‘सत्यसुधारक हॉटेल’.

सर इथं थांबले आणि त्यांनी विचारलं, ‘हॉटेल निघालं. पुढं काय झालं असेल?’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘चाललं असंल की जोरात, महाराजांनीच काढून दिलेलं.’ सर म्हणाले, ‘एक गिऱ्हाईक येईना.’

ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजांच्या हे कानावर गेलं. मग त्यांची गाडी त्या रस्त्यानं जाताना हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज हाक मारून चहा मागवायचे आणि रस्त्यावरच्या सगळ्यांच्या देखत प्यायचे. एवढंच करून भागणार नव्हतं. गाडीत त्यांच्याबरोबर सरदार असत, अधिकारी असत, ब्राह्मण असत, मराठे असत. महाराज पितात म्हटल्यावर त्यांच्याही हातात कप यायचा, आणि तो नको म्हणायची सोय नव्हती. पुढं गंगारामांना सोडावॉटरचं यंत्रही मिळालं.

आज विचार करते तेव्हा मला त्यातली युक्ती दिसते. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढले होते. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या इथं शिवाशीव पाळायची नाही. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, मुलं सरकारी शाळांतच बसतील. हुकमानं शाळेचं दार उघडता येतं. पण अमुक माणसाच्या हॉटेलात जाऊन चहा प्या, असा हुकूम कसा काढणार? तिथं गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं आणि पदरच्या पैशानं यावं लागतं. म्हणून राजा गिऱ्हाईक झाला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथं महाराजांनी तरुण आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं. त्याचे उल्लेख ग्रंथांत सापडतात. रस्त्यावरच्या या चहाची मोजदाद कुठल्या दप्तरात नसते. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले.

अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो नावाच्या गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. मिळाली नाही. ते उठले नाहीत. ही गोष्ट मला प्रोजेक्टसाठी तिकडं असताना एका सहकाऱ्यानं मोठ्या अभिमानानं सांगितली. मी त्याला भाऊसिंगजी रोड सांगितला. जवळजवळ चाळीस वर्षं आधी, म्हटलं. त्याला राजानं चहा पिण्यात काय विशेष ते समजावून सांगायला अर्धा तास लागला. तिथं बसू देत नव्हते, इथं पिऊ देत होते पण कुणी पीत नव्हतं. कुलूप दोन्हीकडं होतं, आतून की बाहेरून एवढाच फरक.

पुढं आपल्या राज्यघटनेत कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आला. जात, धर्म, लिंग यांवरून तिथं कुणाला मज्जाव करता येणार नाही, असं २६ जानेवारी १९५० पासून देशाचा कायदा सांगतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाला जागा मिळाली, कारण लिहिणाऱ्यांना हॉटेलाच्या दारात काय होतं ते माहीत होतं. तरी खेड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर ‘वेगळी कपबशी’ कितीतरी वर्षं राहिली. ज्यानं प्यायचं त्यानं विसळून वळचणीला ठेवायची. बाबा आढावांची ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळ १९७० च्या दशकातली आहे, म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणातली. टपरीवरची वेगळी कपबशी दिसेनाशी व्हायला कायद्याइतकाच कागदी कप कारण झाला असावा, असा माझा एक आगाऊ अंदाज आहे. पिऊन फेकायच्या कपाला उष्टं नसतं.

आता आमच्या घरचा कप.

आमच्याकडं भांडी घासायला एक मावशी यायच्या. आम्ही भावंडं त्यांना मावशीच म्हणायचो, आई त्यांना कधी अगं-तुगं करायची नाही. भांडी झाली की त्यांना चहा मिळायचा, आणि तो मोरीजवळच्या फळीवर ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून. तो कप घरातलं दुसरं कुणी वापरत नव्हतं. त्याला वेगळा कप असंही कुणी म्हणायचं नाही, तो नुसता ‘फळीवरचा कप’ होता. सरांनी ती गोष्ट सांगितली त्या दिवशी मी भिजत घरी आले, दप्तर टाकलं आणि फळीकडं बघत उभी राहिले. आज्जीला विचारलं, ‘हा कप कुणाचा?’ आज्जी म्हणाली, ‘असूदे तिथं, हात लावू नको.’ मी हात लावला नाही. आठवीतली पोरगी काय करणार, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण नववीतही मी काही केलं नाही, दहावीतही नाही.

मावशींची मुलगी आपल्याच वर्गात होती. माझ्या मागच्या बाकावर बसायची, गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिचं नाव इथं देत नाही. देऊ नको असं तिनं सांगितलं आहे.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही तिघी मैत्रिणी शाळेतून थेट मिसळ खायला गेलो. तुम्हा मुलांना यात काही वाटणार नाही. तुम्ही सहावीपासून जात होता. आम्हाला बाप्यांनी भरलेल्या मिसळीच्या दुकानात जायचं धाडस नसायचं. कुटुंबाबरोबर बऱ्यापैकी हॉटेलात गेलं तरी पोऱ्या आधी ‘फॅमिली रूम’ दाखवायचा: प्लायवूडचा खोका, मळकट पडदा, आत पंखा नाही. बाईमाणसानं खाताना दिसू नये यासाठी ती सोय. कलम १५ मध्ये लिंगही आहे, पण पडद्याला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पडद्याआड गेलोच नाही. फॅमिली रूम नव्हतीच त्या दुकानात. बाहेरच्या बाकड्यापाशी जाऊन उभ्या राहिलो. दोन तालीमवाले खात होते. माझी मैत्रीण म्हणाली, ‘सरका की जरा, आम्ही बसतो.’ (आपल्या मुली ‘मी येतो, मी बसतो’ म्हणतात यावर पुण्याच्या हॉस्टेलात मला चार वर्षं चिडवलं गेलं. मी अजून तसंच बोलते. बोलतो.) ते सरकले. एवढंच नाही, त्यातल्या एकानं उठून आमच्यासाठी पाणी आणलं.

पैसे जेमतेम होते. दोन मिसळ घेतल्या तिघींत, ब्रेड जादा. मावशींची मुलगी आणि मी एकाच ताटलीत खात होतो. कट दोनदा घेतला, तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तसं तिनं माझ्याच ग्लासातलं पाणी घटाघटा प्यायलं. मला त्यात काहीही वाटलं नाही. घरी आल्यावर मात्र वाटलं, कारण फळीवरचा कप तिथंच होता. तिच्या आईनं दुपारी त्यातूनच चहा प्यायला असणार.

आपल्या गावच्या स्वस्त हॉटेलांबद्दल मला म्हणायचं आहे ते हेच. जे घरात चालत नव्हतं ते हॉटेलात आधी चालू लागलं. इतर शहरांत हे उडुप्यांच्या आणि इराण्यांच्या हॉटेलांतून घडलं असं वाचायला मिळतं. कर्नाटकाची वेस इथून हाकेच्या अंतरावर असल्यानं इडली-डोशाची हॉटेलं आपल्याकडंही पुष्कळ आहेत, पण आपलं बाकडं मिसळीचं. मोड आलेली मटकी, फरसाण, कांदा आणि स्लाइस ब्रेड. यात मटण नाही, म्हणून जैन, लिंगायत, गुजरीतले व्यापारी यांना वावडं नाही (कांदा-लसूण सोडलेल्यांचा प्रश्न उरतो, तो आमच्या एका जैन मैत्रिणीनं ‘मोठं होईपर्यंत चालतंय’ असा सोडवला होता). तिखट, म्हणून तालीमवाल्यांना आणि फौंड्रीवाल्यांना कमीपणा नाही. स्वस्त, आणि कट हवा तेवढा, म्हणून अर्ध्या पैशात पोट भरतं. उद्यमनगरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारा आणि शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेला, दोघांना ती परवडते. १९६२ साली विद्यापीठ झालं आणि अशा पोरांची संख्या आणखी वाढली.

तांबडा-पांढरा रस्सा नंतर हॉटेलांत येऊन प्रसिद्ध झाला, त्यावर लिहिणारे खूप आहेत. तो थाळीचा मामला. थाळीला टेबल आपलं आपलं असतं.

मी वीस वर्षं पुण्यात आयटीत काम करते. एका जुन्या कंपनीच्या पँट्रीत दोन मायक्रोवेव्ह होते, एकावर ‘फक्त शाकाहारी’ असं छापील स्टिकर. नव्यानं आलेल्या एका मुलीनं चुकून त्यात सुकटीचा डबा गरम केला, तर दुपारपर्यंत एचआरचा मेल आला. शब्द फार सभ्य होते. मला फळीवरचा कप आठवला. मी त्या मेलला उत्तर दिलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

हा लेख पाठवण्याआधी मी मावशींच्या मुलीला फोन केला. ती आता एका मोठ्या रुग्णालयात नर्सिंगची प्रमुख आहे, आपल्यातल्या निम्म्या जणांच्या आई-वडिलांची ऑपरेशनं तिच्या ओळखीनं झाली आहेत. मी अडखळत अडखळत कपाचं सांगितलं. लिहू का, विचारलं.

‘निळ्या फुलांचा होता,’ ती म्हणाली. ‘आई घरी येऊन सांगायची, तुमच्याकडं चहात आलं भरपूर घालतात म्हणून.’

मी गप्प. तीही थोडा वेळ गप्प होती.

‘लिही,’ ती म्हणाली. ‘माझं नाव नको घालू. सरांना आवडेल ते गंगारामांचं. आणि नाष्ट्याचं काय ठरलं शेवटी? मला दवाखान्यातून थेट यावं लागणार हाय. बाकड्यावर जागा धरून ठेव.’